रताळ्याचा रंग

आषाढी एकादशी जवळ आली की आपल्या मंडईत रताळ्यांचे ढीग लागतात. कोणी त्यांचा कीस करतो, कोणी गुळात शिजवून काप करतो, कोणी नुसते उकडून दुधाशी खातो. आणि ‘एकादशी नि दुप्पट खाशी’ ही म्हण खरी करण्याच्या कामी साबुदाण्याच्या खालोखाल रताळ्याचाच वाटा असतो. हा कंद आपण इतका आपला मानला आहे की तो परदेशी आहे, असे सांगितले तर घरातील वडीलधाऱ्या बायकांचा विश्वास बसणार नाही. परंतु रताळ्याचे माहेर अमेरिका खंडाच्या उष्ण भागात आहे. सोळाव्या शतकापासून पोर्तुगीज आणि त्यांच्यामागोमाग आलेले इतर दर्यावर्दी यांच्या जहाजांतून ते आफ्रिकेच्या आणि हिंदुस्थानच्या किनाऱ्यांना लागले. मिरची, बटाटा, भुईमूग आणि आपला साबुदाणा ज्यापासून होतो तो कसावाचा कंद, ही सारी त्याच मुलखातली मंडळी. गंमत अशी की, ‘बटाटा’ हे नावही मूळचे रताळ्याचेच. कॅरिबियन बेटांवरील लोक रताळ्याला ‘बटाटा’ म्हणत, पोर्तुगिजांनी तो शब्द उचलला, आणि आपण तो भलत्याच कंदाला चिकटवून बसलो. तेव्हा आपले उपवासाचे ताट हे एका अर्थी अमेरिका खंडाचे ताट आहे, आणि धर्मशास्त्राने त्याला हरकत घेतल्याचे निदान आमच्या तरी ऐकिवात नाही.

हे रताळे कापून पाहावे. वरून लालसर, आतून पांढरे. या पांढरेपणात कोणाला काही उणे वाटत नाही, आणि ज्याच्या घरी दूध, लोणी, पपई, अंडे यांपैकी काही ना काही आहे त्याला ते वाटण्याचे कारणही नाही. परंतु ज्या मुलखात गरिबाचे पोर महिनोन्महिने कंदावरच जगते, तेथे कंदाच्या पोटातला रंग आणि पोराच्या डोळ्यातला प्रकाश यांचे नाते आहे. ते नाते शोधून काढावयास माणसाला फार काळ लागला. ते १९१९ मध्ये कागदावर आल्यानंतरही त्याप्रमाणे वागावयास आणखी पाऊणशे वर्षे गेली. या दुसऱ्या विलंबाचा इतिहास आम्हाला पहिल्यापेक्षा अधिक विचार करावयास लावणारा वाटतो. आज तोच सांगावयाचा आहे.

रोग जुना आहे. दिवेलागण झाली की मूल चाचपडू लागते, अंगणात खेळणारे पोर आईचा पदर धरून बसते. याला आपण रातांधळेपणा म्हणतो. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात नक्तांध्यावर बोकडाच्या यकृताचा उपयोग सांगितला आहे. प्राचीन मिसर आणि ग्रीस येथील वैद्यही यकृताकडेच वळले होते. कारण कोणालाच ठाऊक नव्हते, पण उपाय बरोबर सापडला होता. वैद्यकाच्या इतिहासात असे पुष्कळदा घडते. रातांधळेपणा ही मात्र पहिली पायरी. पुढे डोळ्यातील ओलावा आटतो, बुबुळावर खरखरीतपणा येतो, आणि उपाय झाला नाही तर एखाद्या गोवराच्या किंवा हगवणीच्या तडाख्यात दोन-चार दिवसांत बुबुळ विरघळून जाते. तो डोळा कोणत्याही शस्त्रक्रियेने पूर्ववत होत नाही. हे बहुधा अंगावरचे दूध सुटल्यापासून पाच-सहा वर्षांच्या वयापर्यंत घडते, म्हणजे ज्याला आपल्याला दिसत नाही हेही नीट सांगता येत नाही, त्याच्या बाबतीत.

या रोगाचे मूळ दाखविणारी सर्वांत बोलकी घटना घडली ती डेन्मार्कमध्ये, जेथे दुधातुपाची खरोखरच नदी वाहत होती. पहिल्या महायुद्धाच्या काळात या चिमुकल्या देशाचे लोणी परदेशी चढ्या भावाने जाऊ लागले. शेतकऱ्याने साय काढावी, लोणी जहाजावर चढवावे आणि उरलेले निवळ दूध देशातल्या गरिबाने प्यावे, भाकरीला वनस्पती तेलांचे कृत्रिम लोणी लावावे, असा व्यवहार बसला. आणि कोपनहेगनच्या रुग्णालयात कोरड्या, पिकलेल्या डोळ्यांची मुले येऊ लागली. कार्ल ब्लॉक नावाच्या बालरोगतज्ज्ञाने या मुलांचा माग काढला. मुलांच्या एका आश्रमात त्याला दोन विभाग दिसले. एका विभागातील मुलांना सायीसकट दूध मिळे. दुसऱ्यात ते मिळत नसे. डोळे गेले ते या दुसऱ्या विभागातील मुलांचे. ब्लॉकने त्यांना निर्भेळ दूध आणि कॉड माशाच्या यकृताचे तेल दिले आणि ज्यांचे बुबुळ अजून शाबूत होते ती मुले बरी झाली.

पुढे जे झाले ते कोणत्याही प्रयोगशाळेला योजून करता आले नसते. १९१७ मध्ये जर्मन पाणबुड्यांनी समुद्र अडविला, निर्यात बसली, आणि त्या वर्षाच्या अखेरीस सरकारने देशातले लोणी शिधापत्रिकेवर सर्वांना वाटावयास काढले. लगेचच्या वर्षात हा नेत्ररोग जवळजवळ नाहीसा झाला. युद्धाने ज्या मुलांचे डोळे नेले, त्याच युद्धाने त्यांच्या धाकट्या भावंडांचे डोळे राखले. लोणी देशात आधीही होते आणि नंतरही होते. फरक पडला होता तो ते कोणाच्या ताटात जाते एवढाच. ही गोष्ट पुढे मोझांबिकच्या शेतात जाईपर्यंत आपण विसरता कामा नये.

लोण्यात काय असते, ते अमेरिकेत याच सुमारास कळत होते. विस्कॉन्सिन येथे मॅककॉलम आणि मार्गरेट डेव्हिस यांनी १९१३ मध्ये दाखविले की, लोणी आणि अंड्याचा पिवळा बलक यांत असा काही घटक आहे की ज्यावाचून उंदरांची वाढ खुंटते. येल येथे ऑसबर्न आणि मेंडेल हेही त्याच वेळी त्याच निष्कर्षावर आले. या घटकाला पुढे ‘अ’ जीवनसत्त्व म्हणू लागले. त्याच विस्कॉन्सिनमध्ये हॅरी स्टीनबॉक हा चौकस मनुष्य एका साध्या गोष्टीने अस्वस्थ झाला होता. पिवळा मका खाणारे उंदीर पोसले जातात आणि पांढरा मका खाणारे खंगतात. दोन्ही मकाच, मग असे का? त्याने कंद तपासले. गाजर आणि पिवळे रताळे उंदरांना तारीत, रंगहीन कंद तारीत नसत. १९१९ मध्ये त्याने लिहून टाकले की, या जीवनसत्त्वाचा वनस्पतींतील पिवळ्या रंगाशी संबंध असावा.

पंडितांना हे सहजासहजी पटणारे नव्हते, आणि त्यांचा आक्षेप रास्त होता. यकृतातून काढलेले जीवनसत्त्व जवळजवळ बिनरंगी. मग रंगाशी त्याचे नाते कसले? हा पेच अकरा वर्षे पडून राहिला. १९३० मध्ये केंब्रिजच्या टॉमस मूर याने तो सोडविला. गाजराचा पिवळा रंग, ज्याला गाजराच्याच नावावरून कॅरोटीन म्हणतात, तो प्राण्याच्या शरीरात जाऊन तेथे ‘अ’ जीवनसत्त्वात पालटतो आणि यकृतात साठतो. म्हणजे वनस्पतीत असते ते कच्चे सोने. टांकसाळ आपल्या शरीरात. गायीने हिरवा चारा खाल्ला तर लोणी पिवळे का होते, याचेही उत्तर त्यातच मिळाले.

येथे एखाद्याला वाटेल की, झाले, गोष्ट संपली. ज्या रताळ्यात रंग आहे ते गरिबाने लावावे आणि खावे. अमेरिकेत केशरी गराची रताळी त्याही वेळी पिकत होती. पण झाले निराळेच. जीवनसत्त्व रासायनिक रीतीने तयार करता येऊ लागले, आणि जगाचे लक्ष शेताकडून औषधाच्या बाटलीकडे वळले. आम्ही बाटलीची निंदा करीत नाही. आपल्याकडे १९७० पासून एक ते पाच वर्षांच्या मुलांना दर सहा महिन्यांनी या जीवनसत्त्वाची मोठी मात्रा पाजण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. यकृतात साठा होतो या मूरच्या शोधाचाच तो व्यावहारिक उपयोग. पुढे आल्फ्रेड सॉमर या अमेरिकन नेत्रवैद्याने इंडोनेशियात काम करताना एक भयंकर गोष्ट पाहिली. ज्या मुलांना नुसता रातांधळेपणा होता, डोळे गेले नव्हते, तीही मुले इतरांच्या सरासरी चौपट प्रमाणात मरत होती. हे त्याने १९८३ मध्ये प्रसिद्ध केले. सुमात्रा बेटाच्या आचे प्रांतात ४५० खेड्यांत मग पडताळा घेतला गेला. ज्या खेड्यांत मात्रा पाजली तेथील बालमृत्यू ३४ टक्क्यांनी कमी भरले. सर्वच देशांत असा मोठा आकडा आला नाही. आपल्याकडील काही पाहण्यांत फरक फारच थोडा आढळला, आणि त्यावर तज्ज्ञांचे वाद झाले. पण डोळ्यांचा रोग म्हणून जो ओळखला जात होता तो साऱ्या देहाचा रोग आहे, एवढे ठरले.

मात्रेचा दोष असा की ती पाजावयास कोणीतरी यावे लागते. पूर आला, यादवी माजली, पगार थकले, रस्ता वाहून गेला की ती येत नाही. आणि नेमक्या अशाच वेळी तिची गरज अधिक असते. ज्या हैदराबादच्या संस्थेत आपल्या मात्रेचे काम झाले, तिचे प्रमुख डॉ. सी. गोपालन यांनीच पुढे मात्रेवर विसंबण्यापेक्षा अन्नाच्या वाटेने जाण्याचा आग्रह धरला. शेवगा, माठ, चाकवत असा पाला तर गरिबाच्या परसातही येतो. हा मार्ग उत्तम; परंतु १९९५ च्या सुमारास इंडोनेशियातील पाहणीतून दिसले की, पाल्यातील कॅरोटीन पानांच्या पेशींत असे जखडलेले असते की मुलाच्या अंगी ते अपेक्षेपेक्षा पुष्कळच कमी लागते. पिवळ्या फळाचे आणि कंदाचे त्याहून बरे लागते. अशा रीतीने फिरून फिरून लोकांची दृष्टी स्टीनबॉकच्या रताळ्यावर आली.

आता आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याकडे जाऊ. तेथेही मका आणि रताळे पोर्तुगिजांच्याच काळात पोहोचले, आणि तेथेही गरिबाचे अन्न हळूहळू पांढरे होत गेले. मक्याची हकीकत उद्बोधक आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी विलायतेतील स्टार्चच्या कारखान्यांना पांढरा मका हवा असे; गोऱ्या मळेवाल्यांनी तो लावला, मळ्यांवरील व खाणींतील मजुरांच्या शिध्यात त्याचेच पीठ आले, आणि एक-दोन पिढ्यांत पांढरे पीठ हे शहाण्या माणसाचे अन्न व पिवळा मका जनावराचे, अशी समजूत घट्ट झाली. त्यात दुष्काळाने भर घातली. १९९२ च्या मोठ्या अवर्षणात बाहेरून मदत म्हणून पिवळाच मका आला, आणि पिवळा रंग हा भिकेचा रंग ठरला. आपल्याकडील १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला आहे त्यांना याचा अर्थ फोडून सांगावयास नको. त्या वर्षी आलेली तांबडी मिलो ज्वारी लोकांनी पोटासाठी खाल्ली, पण पुढे सुगी आल्यावर कोणी ती मागून खाल्ली नाही. अन्नाच्या बाबतीत मनुष्य केवळ पोटाने जेवत नाही, हे आहारशास्त्राच्या पुस्तकांत उशिरा शिरले.

रताळ्याचेही तसेच. मोझांबिक, युगांडा येथे रताळे हे बायकांचे पीक. मोठे शेत पुरुषाचे, कोपऱ्यातला तुकडा बाईचा, आणि त्या तुकड्यात वेल. गर पांढरा किंवा फिकट पिवळसर; शिजल्यावर कोरडा, पिठूळ, घशाशी बसणारा, पोट भरल्याची खात्री देणारा. त्या लोकांना रताळे असे हवे. अमेरिकेतून आणलेली केशरी रताळी शिजली की ओली, मऊ, गिच्च होत. लहान मुलांना ती आवडत. मोठी माणसे तोंड वाकडे करीत. शिवाय अमेरिकन वेल आफ्रिकेतील रोगांना बळी पडत आणि कोरड्या ऋतूत जळून जात. पैदासकारांना आणखी एक अडचण होती. कंदात कॅरोटीन वाढू लागले की बहुधा पीठ कमी होई. डोळ्यांना हवे ते आले की जिभेला हवे ते जाई.

हा गुंता सोडविण्यात ज्यांचे आयुष्य गेले त्यांत युगांडाचे रॉबर्ट म्वांगा आणि केप व्हर्दे बेटावर जन्मलेल्या मारिया आंद्राद यांची नावे प्रथम घ्यावी लागतील. दोघेही पैदासकार. यात प्रयोगशाळेतील जनुकांची उचलाउचल नव्हती; फुलाला फूल लावावे, हजारो रोपे वाढवावी, कंद उकडून लोकांना चाखावयास द्यावे, नऊशे नव्व्याण्णव फेकावे आणि एक ठेवावे, असे हे जुनेच काम. तांदळात कॅरोटीन आणण्याचा दुसरा प्रयत्न २००० मध्ये पोट्रिकुस आणि बायर यांनी जाहीर केला, त्याचा जगभर गाजावाजा झाला. फिलिपाइन्सने त्या भाताला २०२१ मध्ये लागवडीची परवानगी दिली आणि २०२४ मध्ये तेथील न्यायालयाने ती काढून घेतली. त्या वादात शिरण्याचे येथे कारण नाही. सांगावयाचे एवढेच की, त्या वीस-पंचवीस वर्षांत रताळे गाजावाजा न करता शेतात पोहोचले होते. युगांडात २००४ मध्ये दोन केशरी वाण प्रसृत झाले, २००७ मध्ये आणखी दोन. आणि हे पुढचे दोन पिठूळ होते.

मोझांबिकमध्ये नऊ वाण निवडून तयार होते तोच २००० च्या फेब्रुवारीत लिंपोपो आणि सावे या नद्यांना न भूतो असा पूर आला. माणसे झाडांवर चढून बसली होती. एका बाईची झाडावरच प्रसूती झाली, ती बातमी त्या वेळी साऱ्या जगाने वाचली. पाणी ओसरल्यावर शेतात बीज उरले नव्हते. मदत म्हणून ज्या वस्तू वाटल्या गेल्या त्यांत केशरी रताळ्याचे वेलही होते. वेलाचा हात-दीड हात तुकडा मातीत खोचला की चार-पाच महिन्यांत कंद धरतो. पुरानंतर याहून सोयीचे पीक कोणते? परंतु पिवळ्या मक्याप्रमाणे हेही भिकेचे पीक ठरले असते, हे विसरू नये.

ते तसे ठरले नाही याचे श्रेय ज्या कामाला द्यावे लागते, ते झांबेझिया प्रांतात जॅन लो या अर्थशास्त्रज्ञ बाईने चालविले. हा प्रांत अवर्षणाचा, आणि तेथील मुख्य अन्न कसावा. म्हणजे आपला साबुदाणाच, पण उपवासाला नव्हे, रोज. लो यांनी वेल वाटले, पण वेलाबरोबर आयांना बसवून हेही सांगविले की, हे मुलाला केव्हा, किती आणि कशाबरोबर द्यावे. चमचाभर तेल किंवा कुटलेले शेंगदाणे का घालावे, कारण चरबीवाचून कॅरोटीन अंगी लागत नाही. आणि तिसरे काम बाजाराचे: उरलेली रताळी विकली जातील अशी व्यवस्था. एक वर्षाच्या आसपासची ७४१ मुले त्यांनी दोन वर्षे नजरेखाली ठेवली. काही गावांत हा उद्योग केला, काहींत केला नाही. पहिल्या वर्षी घरटी केशरी रताळ्याचा सरासरी तुकडा होता ३३ चौरस मीटर, एखाद्या मोठ्या खोलीएवढा. दुसऱ्या वर्षी तो ३५९ झाला. ही वाढ कोणी हुकूम देऊन होत नाही. आणि मुलांच्या रक्तात? ज्यांच्या रक्तात ‘अ’ जीवनसत्त्व कमी होते अशांचे प्रमाण ६० टक्क्यांवरून ३८ वर आले. इतर गावांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. हा निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे स्टीनबॉकच्या उंदरांपासून झांबेझियाच्या मुलांपर्यंत यावयास अठ्ठ्याऐंशी वर्षे लागली.

अडतीस टक्के म्हणजे शंभरात अडतीस मुले अजून उणीच होती, हेही वाचावे. रताळ्याने दारिद्र्य हटत नाही. तरी सव्वाशे ग्रॅम उकडलेले केशरी रताळे, म्हणजे मुलाच्या मुठीएवढे एक, शाळेत न जाणाऱ्या लहान मुलाची दिवसाची ‘अ’ जीवनसत्त्वाची गरज भागवू शकते, हा हिशेब लहान नाही.

रंगाचे काय झाले? येथे आंद्राद बाईंचे धोरण आम्हाला विशेष आवडते. जो रंग लोकांना परका होता तोच त्यांनी निशाण म्हणून उचलला. मोटार केशरी, बाजारातली टपरी केशरी, प्रचारकांचे सदरे केशरी. गाणी आणि नाटुकली तीही केशरी रताळ्याचीच. लपविता येत नव्हते ते मिरविले. निरक्षर आईलाही पिशवीवरची अक्षरे वाचावी लागत नाहीत. कंद मोडला की गुण दिसतो, आणि दुकानदाराला फसविता येत नाही. २०११ मध्ये अवर्षणाला टिकणारे पंधरा वाण त्यांनी मोझांबिकला दिले. पुढे दोन्ही देशांत मिळून २४,००० कुटुंबांपर्यंत हे काम वाढविले गेले, आणि तेथे असे दिसले की एक वर्ष शिकविलेल्या आणि तीन वर्षे शिकविलेल्या गावांत फारसा फरक पडत नाही. म्हणजे एकदा समजले की बायका ते सोडत नाहीत. आंद्राद, म्वांगा, लो आणि या विचाराचा जगभर पाठपुरावा करणारे हॉवर्थ बुइस या चौघांना २०१६ चे जागतिक अन्न पारितोषिक मिळाले.

या साऱ्यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो आम्ही टाळणार नाही. गरिबाला दूध, अंडी, फळे मिळाली पाहिजेत. ती देता येत नाहीत म्हणून त्याच्या कंदातच औषध भरून त्याची बोळवण करावयाची, हा कोठला न्याय? आक्षेपात तथ्य आहे. डेन्मार्कच्या मुलांना कोणी केशरी रताळे दिले नव्हते. त्यांच्याच देशाचे लोणी त्यांना परत दिले, आणि ते बरे झाले. परंतु झांबेझियातील बाईचे लोणी कोणी नेलेले नव्हते; तिच्यापाशी ते कधी नव्हतेच. तिच्यापाशी होता कोपऱ्यातला तुकडा आणि त्यातला वेल. त्या तुकड्यावर तिची सत्ता होती. दूध येईल तेव्हा येईल. तोपर्यंत त्या वेलाचा रंग बदलणे हे तिच्या हातचे होते. आमच्या मते हे बोळवण करणे नव्हे. मात्र केशरी रताळे दिले म्हणून दुधाची जबाबदारी संपली असे कोणी सरकार म्हणू लागले, तर तेव्हा हा आक्षेप मोठ्याने घ्यावा लागेल. आणि बाजारात भाव चढला की ती बाई चांगले कंद विकून मुलाला पुन्हा कसावा घालील काय? डेन्मार्कचा शेतकरी तेच करीत होता. ही भीती खोटी नाही. म्हणूनच आयांना बसवून सांगण्याचे ते काम वेल वाटण्याइतकेच मोलाचे.

आपल्या महाराष्ट्रातही याच जातीचा एक प्रयोग झाला आहे, पण त्याला रंग नाही. पश्चिम आफ्रिकेतील टोगो देशाच्या बाजरीपासून निवडलेला एक वाण आपल्या शेतकऱ्यांनी फार पूर्वीच आपला केला होता. त्यातूनच अधिक लोहाची बाजरी निवडून २०१२ मध्ये ‘धनशक्ती’ या नावाने महाराष्ट्रात प्रसृत झाली. हैदराबादजवळची आंतरराष्ट्रीय संस्था आणि राहुरीचे कृषी विद्यापीठ यांचे हे काम. वसतिशाळांतील १२ ते १६ वर्षांच्या मुलांना सहा महिने तिच्या भाकरी दिल्या, तेव्हा त्यांच्या रक्तातील लोहाचा साठा सुधारला, असे २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. भाकरी तीच, चव तीच, रंग तोच. कोणाची समजूत घालावी लागली नाही. पण त्याचबरोबर बाजारात ती ओळखावी कशी, हा प्रश्न मागे राहिला. पोत्यात मिसळली की ती कोणतीही बाजरी. केशरी रताळ्याला जो त्रास झाला तो हिला झाला नाही, आणि त्याला जी ओळख मिळाली ती हिला मिळाली नाही. आपल्याकडेही केशरी रताळे नाही असे नव्हे. तिरुअनंतपुरमच्या कंदमुळांच्या संशोधन संस्थेचे ‘भू सोना’ हे वाण २०१७ मध्ये आले. त्याच्या शंभर ग्रॅमांत १४ मिलिग्रॅम कॅरोटीन असते, नेहमीच्या वाणांत दोन-तीन. एकादशीच्या ताटात ते दिसावयास अजून अवकाश आहे.

शेवटी एक गोष्ट सांगावयाची राहिली, ती बेण्याची. रताळ्याला बी ठेवता येत नाही; वेल जिवंत ठेवावा लागतो. मोझांबिकच्या कोरड्या मुलखात पाऊस जातो तो सहा-आठ महिने फिरकत नाही, वेल वाळून जातात, आणि पुढल्या पावसात लावावयास काही उरत नाही. पहिला पाऊस पडतो तेव्हा बेणे नसते, आणि बेणे वाढून येते तोवर निम्मा पाऊस संपतो. बायका न्हाणीच्या सांडपाण्यावर चार वेल जगवीत, पण चार वेलांनी शेत होत नाही. यावर जी युक्ती निघाली ती अगदी घरगुती आहे. काढणीच्या वेळी किडीने न पोखरलेले लहान कंद निवडावयाचे. एका घमेल्यात किंवा खड्ड्यात कोरड्या वाळूचा थर, त्यावर कंद, त्यावर पुन्हा वाळू, असे रचून ते घरातल्या थंड कोपऱ्यात ठेवून द्यावयाचे. वाळूत त्यांना हलके कोंब फुटतात आणि ते तसेच झोपून राहतात. पाऊस यावयास सहा-आठ आठवडे उरले की बाई ते बाहेर काढते, घराजवळच्या लहानशा वाफ्यात कुंपण घालून लावते, आणि घरच्या पाण्यातले दोन-तीन तांबे रोज त्यांना घालते. पहिली सर येते तेव्हा वाफा वेलांनी भरलेला असतो, आणि ती विळा घेऊन ते कापावयास बसते.